सुकाणू मरतं तिथून टग सुरू होते

पणजीत बारावीला असलेल्या एका मुलाने विचारलं आहे: "दोनापावलच्या जेटीवरून पलीकडे मुरगावला कंटेनर भरलेलं मोठं जहाज जाताना पाहिलं. दोन छोट्या टग-बोटी त्याला चिकटल्या होत्या. जहाजाला स्वतःचं एवढं इंजीन असताना टगने ओढायची गरज काय? अर्धं जग फिरून आलेल्या कप्तानाला शेवटच्या तीन-चार मैलांसाठी बाहेरचा पायलट कशाला लागतो? तो येऊन सुकाणू धरतो का? आणि मला हे काम करायचं असेल तर काय शिकावं लागेल?"

सुकाणूचं आधी सांगतो, कारण ते एका शब्दात संपतं. नाही. पंचवीसेक वर्षं मी पायलट म्हणून मुरगावात, आणि मध्ये काही काळ न्हावा-शेव्याला, जहाजं लावली. चाकाला हात लावल्याचं आठवत नाही. चाकावर जहाजाचाच खलाशी असतो. मी ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या, काचेपाशी उभा राहून फक्त बोलतो. 'पोर्ट टेन', म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश, म्हटलं की तो 'पोर्ट टेन' असं परत म्हणतो, मग चाक फिरवतो, आणि सुकाणू दहा अंशांवर पोचलं की पुन्हा एकदा सांगतो. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे कमी आणि सुकाणूचा कोन दाखवणाऱ्या काट्याकडे जास्त असतं. माणूस 'पोर्ट' म्हणतो आणि हात स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडे, जातो, असं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा माणूस रात्रभराचा जागा होता.

आता टग. टग जहाजाला ओढून आत आणते ही समजूत बंदराला लागून असलेल्या वास्कोत जन्मलेल्यांचीसुद्धा असते. जहाज आत येतं ते स्वतःच्या इंजिनावर. टग लागते ती त्याला थांबवायला, आणि थांबता थांबता ते भलतीकडे जाऊ नये म्हणून.

सुकाणू म्हणजे पाण्यात उभी केलेली फळी. तिच्यावरून पाणी वाहत असेल तरच ती जहाज वळवते. पाणी वाहायला एक तर जहाज पुढे सरकत असलं पाहिजे, नाहीतर जहाज पुढे ढकलणारा, पाण्याखालचा पंखा फिरून तिच्यावर पाणी फेकत असला पाहिजे. तुला जहाज थांबवायचंय, म्हणून तू इंजीन बंद केलंस. पंखा थांबला. वेग उतरत उतरत दोन-तीन नॉटवर (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आला की सुकाणू मेलं. चाक कितीही फिरव, जहाज ऐकत नाही. धक्का समोर आलेला असतो, बाजूला दुसरी जहाजं बांधलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच दोनशे-तीनशे मीटरचं धूड बहिरं होतं. टगचं काम तिथून सुरू होतं.

कंटेनर जहाजाच्या बाबतीत हे दुखणं दुप्पट असतं. त्याचं इंजीन वीस-बावीस नॉटने महासागर कापायला बनवलेलं. त्याची सगळ्यात खालची पायरी म्हणजे 'डेड स्लो', आणि मोठ्या जहाजात तीच सहा-सात नॉट देते, एखाद्यात आठसुद्धा. अशी गाडी डोळ्यांसमोर आण जी पहिल्या गियरलाच ताशी चाळीसने पळते, जिला क्लच नाही, ब्रेक नाही, आणि रिव्हर्स घालायचा तर इंजीन पूर्ण बंद करून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावं लागतं. ही अतिशयोक्ती नाही. त्या इंजिनाचा दांडा सरळ पंख्याला जोडलेला असतो. ते सुरू होतं दाबून भरलेल्या हवेवर, आणि टाक्यांत निदान डझनभर वेळा सुरू करता येईल एवढी हवा असावी असा नियम आहे. मी चॅनेलमध्ये, म्हणजे बंदरात शिरायच्या खोल जलमार्गात, इंजीन सुरू-बंद, सुरू-बंद करत येतो तेव्हा खाली मुख्य अभियंता हवेचा काटा बघत असतो. एका वयस्क अभियंत्याने मला फोनवर विचारलं होतं, "पायलटसाहेब, अजून किती?" मी म्हटलं तीन. म्हणाला, "दोनमध्ये बसवा."

गोव्यापुरतं एक खरं सांगून टाकतो. बातम्यांत दिसणारी चारशे मीटरची कंटेनर जहाजं मुरगावला येत नाहीत. जून २०२५ मध्ये केरळात विळिंजमला 'एमएससी इरिना' लागलं, २४ हजारांहून जास्त कंटेनर नेणारं. तसलं काही इथे मावणार नाही. मुरगाव हे मुळात खनिजाचं बंदर. १९६४ साली पोर्ट ट्रस्ट झाला तेव्हापासून २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत आमचं आयुष्य लोहखनिजात गेलं; नंतर कोळसा, थोडा सर्वसाधारण माल, मोसमात क्रूझ. कंटेनर येतात ते फीडर जहाजांवर, म्हणजे मोठ्या बंदरातून लहान बंदरात माल पोचवणाऱ्या. तू पाहिलंस ते बहुधा तसंच. पण जेटीवरून दीड-दोनशे मीटरचं जहाजही डोंगराएवढं दिसतं, आणि नियम लहानमोठ्याला तेच.

माझा दिवस सुरू होतो पायलट बोटीत. रात्री तिच्यावर वर पांढरा आणि खाली लाल दिवा असतो. जेटीवरून ओळखता येईल. जहाज सात-आठ नॉटने चालत राहतं, थोडं वळून आपल्या कुशीला आमच्यासाठी आडोसा करतं, आणि वरून दोरीची शिडी सोडतं. लाकडी पायऱ्या, दोन बाजूंना दोर. पाण्यापासून नऊ मीटरपर्यंत नुसती ही शिडी चालते. डेक त्याहून उंच असेल तर तिला जहाजाची तिरकी जिन्यासारखी शिडी जोडून द्यावी लागते. बोट लाटेवर वर येते, क्षणभर थांबते, त्या क्षणी शिडी धरायची आणि तीन-चार पायऱ्या झपाट्याने चढायच्या. उशीर केला तर बोट खाली जाऊन परत वर येते आणि पाय मध्ये सापडतो. जुलै महिन्यात मुरगावच्या बाहेर नैऋत्येकडून मोठाल्या लाटा येत असतात तेव्हा बोट दोन-तीन मीटर वरखाली होते. धंद्यातली माणसं मेली आहेत ती बहुतेक या शिडीवर. जहाज धक्क्यावर आपटून पायलट मेल्याचं फारसं ऐकत नाही. एकदा मी शिडी पाहूनच परत फिरलो. बाजूचा दोर मध्येच काळा पडून कुजला होता. कप्तान वरून हात जोडत होता. मी बोटीतूनच सांगितलं, दुसरी शिडी लावा, मग येतो. तासभर गेला. दुसरी शिडी होती त्यांच्याकडे, कोरी, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

वर पोचलो की कप्तानाशी पाच-दहा मिनिटं बोलणं होतं. त्याच्याकडे एक कार्ड तयार असतं: जहाज पाण्यात किती खोल बसलंय, वजन किती, पंखा उजवा की डावा, डेड स्लोला किती वेग, उलटं इंजीन घ्यायला किती सेकंद, पुढच्या बाजूचा थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं तोंड आडवं ढकलणारा छोटा पंखा, चालू आहे ना. मी सांगतो कुठून कसं जाणार, कुठे टग बांधणार, कोणती कूस धक्क्याला. इथे मी एक प्रश्न हमखास विचारायचो जो कार्डावर नसतो: "आज काही बिघडलंय का?" कप्तान आधी हसतो, मग सांगतो. नुसतं कार्ड वाचून सही केली तर ते कळत नाही.

आता तुझा कप्तानाबद्दलचा प्रश्न. कप्तानाला जहाज माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं माहीत असतं. पण त्याला मुरगाव माहीत नसतं. तो इथे आयुष्यात एकदा येईल, मी त्या पाण्यावर दिवसातून दोन-तीनदा असतो. ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, टोकाला सुकतीचं (ओहोटीचं) पाणी कुठे ओढतं, पावसाळ्यात झुआरी नदी लाल होऊन वाहते तेव्हा ती ओढ किती वाढते, दुपारी अमुक वाजता खारा वारा कसा उठतो, कोणत्या टगचा कोणता मास्टर, म्हणजे तिचा कप्तान, हाक मारल्यावर लगेच ऐकतो आणि कोणाला अर्धा मिनिट आधी सांगावं लागतं, हे नकाशात छापलेलं नाही. शिवाय तो कायदाही आहे. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यातच होतं की ज्या बंदरांना ते कलम लागू आहे तिथे दोनशे टनांवरच्या जहाजाने पायलटशिवाय आत-बाहेर करायचं नाही. २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा आला, पण पायलट सक्तीचाच राहिला. तरी गंमत अशी की जहाजाची जबाबदारी कप्तानाचीच राहते. मी चुकलो तर मला चौकशी, त्याला शिक्षा. माझा हुकूम त्याला पटला नाही तर तो मोडून स्वतःचा देण्याचा त्याला हक्क आहे. पनामा कालव्यात तेवढं वेगळं आहे, तिथे पायलटच्या हाती जहाज पूर्ण सोपवावं लागतं. इथे आम्ही दोघं एकाच ताटात जेवणारे पाहुणे. वाढप कोणाचं यावर वाद घालायला वेळ नसतो.

चॅनेलमध्ये शिरलं की पहिली चिंता तळाखालच्या पाण्याची. मुरगावच्या चॅनेलची खोली चौदा मीटरच्या आसपास, त्यात उधाणाला दोनेक मीटर भर पडते. मुंबईसारखी चार-पाच मीटरची भरती इथे नाही, त्यामुळे भरतीवर फार उड्या मारता येत नाहीत. जहाज वेगात असलं की तळाखालून पाणी जोरात सरकतं, दाब उतरतो आणि जहाज खाली बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. भरलेलं खनिजाचं जहाज अरुंद पाण्यात दहा नॉटने गेलं तर दीड मीटरहून जास्त बसू शकतं. पाच नॉटवर तेच बसणं चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटरवर येतं. वेग अर्धा, बसणं चौथा हिस्सा. तळ जवळ आला की जहाज जड होतं, सुकाणूला उशिरा ऐकतं. अनुभवी पायलटला ते पायांना कळतं म्हणतात. मला पायांना कधी कळलं नाही, ब्रिज थरथरायला लागला की कळायचं.

दुसरी चिंता होड्यांची. कंटेनर जहाजाचा ब्रिज मागे किंवा मधोमध, पुढे डब्यांच्या भिंती. नियमाने मोठ्या जहाजाच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, पुढे पाचशे मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून दिसलं नाही तरी चालतं. पाचशे मीटर! खारीवाड्याची किंवा बायण्याची एखादी होडी त्या पट्ट्यात शिरली की आमच्या लेखी ती नाहीशी होते. जून-जुलैची मासेमारीबंदी असते तेव्हा आम्ही सुखी. एक ऑगस्टला सगळे ट्रॉलर एकदम बाहेर पडतात तो दिवस मुरगावच्या पायलटला दिवाळीसारखा लक्षात राहतो, फक्त फटाके दुसऱ्याच्या हातात असतात. अशा वेळी पुढच्या टगचा मास्टर माझे डोळे होतो. तो खाली पाण्यावर असतो, त्याला सगळं दिसतं. होडीवाल्याला कोकणीतून जे ऐकवायचं ते तोच ऐकवतो, ते मी इथे लिहीत नाही.

ब्रेकवॉटरच्या अलीकडे टग येऊन मिळतात. हा सगळ्या कामातला नाजूक भाग, आणि बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही. पुढची टग नाळेखाली जाऊन दोर घेते. चालत्या जहाजाच्या नाळेपाशी पाणी बाहेर ढकललं जातं आणि खांद्यामागे आत ओढलं जातं. लहान बोट त्या ओढीत सापडली तर तिचं तोंड वळून ती सरळ नाळेपुढे आडवी येऊ शकते. म्हणून टग बांधताना मी वेग सहाच्या खाली आणतो. टगचा मास्टर काही बोलत नाही, पण आठ नॉटवर दोर द्यायला लावणाऱ्या पायलटला तो ओळखून असतो.

टगचं बळ मोजतात ते बोलार्ड पुलमध्ये. किनाऱ्यावरच्या खांबाला दोर बांधून टग जीव तोडून ओढते, मध्ये लावलेला काटा किती टन दाखवतो ते तिचं बळ. आजच्या बंदरांतल्या चांगल्या टगचं पन्नास-साठ टन असतं. तिच्या तळाशी दोन पंखे असतात जे पूर्ण गोल फिरतात, त्यामुळे ती पुढे, मागे, आडवी, कशीही सरकते. मी सुरुवात केली तेव्हा जुन्या टग होत्या: एक सरळ पंखा, मागे सुकाणू, आणि मधोमध एक आकडा, त्यात दोर. अशा टगला बाजू बदलायची म्हणजे वळसा घालून यावं लागे. तिच्या मास्टरला एकच भीती. दोर कुशीवर आला आणि जहाज पुढे सरकलं तर ते टगला आडवी ओढतं. ती कलते, डेक पाण्याखाली जातो, आणि काही सेकंदांत उलटते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नवा होतो. एक रिकामं खनिजाचं जहाज वळवत होतो, मागे तसली जुनी टग. जहाजाचं तोंड वळेना म्हणून इंजिनाला एक छोटासा धक्का दिला, 'डेड स्लो अहेड', दहाएक सेकंदांचा. मागच्या टगला सांगायचं राहिलं. मी ब्रिजच्या पंखावर, म्हणजे बाजूला बाहेर आलेल्या सज्जावर, येऊन मागे पाहिलं तेव्हा टगचा खालचा कठडा पाण्यात गेला होता आणि टंडेल डोळ्यांसमोर कठड्याला लोंबकळत होता. मास्टरने आकडा सोडवला. दोर चाबकासारखा गेला, टग सरळ झाली. रेडिओवर तो एवढंच म्हणाला, "टग मोकळी." पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या टगवर जाऊन चहा मागितला. तेव्हापासून इंजिनाला हात लावण्याआधी टगला सांगायचं, हे माझ्या जिभेला बसलं. 'इंजीन अहेड, मागची टग सांभाळ.' घरी स्कूटर सुरू करतानासुद्धा कधीतरी तोंडात यायचं.

आता वारा. खनिज भरलेलं जहाज म्हणजे पाण्यात बसलेली म्हैस. वर पाठ तेवढी दिसते, वारा तिचं काही बिघडवत नाही, ती ऐकते फक्त पाण्याचं. कंटेनर जहाज उलटं. डेकवर सात-आठ थर डबे चढवलेले, अखंड भिंत. मोठ्या, साडेतीनशे मीटरच्या जहाजाची वाऱ्याला दिसणारी कूस दहा हजार चौरस मीटरच्या पुढे जाते. सेकंदाला दहा मीटर, म्हणजे वीस नॉट वारा त्या भिंतीवर साठेक टनांनी रेटतो. दुपारी गोव्याच्या किनाऱ्यावर वीस नॉट म्हणजे टोपी सांभाळावी लागते एवढंच, कोणी वादळ म्हणणार नाही. तीस नॉट झाला की तो रेटा साठचा नव्वद होत नाही, एकशेचाळीसच्या आसपास जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नास टनांच्या तीन टग जिवाच्या आकांताने ढकलतायत आणि जहाज जागच्या जागी उभं आहे, एवढंच त्यातून साधतं. नाळेतला थ्रस्टर मदतीला असतो, पण त्याचं बळ ढोबळमानाने शंभर अश्वशक्तीला टनभर, आणि जहाज चार-पाच नॉटच्या वर असेल तर तो फुसका.

फीडर लहान म्हणून सुटका नाही. मे महिन्याच्या अखेरीस एक लावत होतो. तोंड बाहेर करून लावायचं होतं, म्हणजे बंदरात पूर्ण गोल फिरवायचं. त्यासाठी जहाजाच्या लांबीच्या दीडपट-दुप्पट तरी मोकळं पाणी हवं, आणि फिरताना वारा कधी ना कधी कुशीवर येतोच. एक टग पुढे ढकलतेय, एक मागे ओढतेय, जहाज अर्धं फिरलेलं. माझे डोळे धक्क्यावर, अंतर मोजण्यात. मागच्या टगचा मास्टर वेंगुर्ल्याचा. रेडिओवर त्याचा आवाज आला, "सायबानू, वर बघा, काळोख येता हा." वर पाहिलं तर सड्याच्या, म्हणजे बंदराजवळच्या पठाराच्या, वर ढग काळाकुट्ट. वळीव. अंतर फार तर दहा मिनिटांचं. मी लावायचं सोडून दिलं. दोन्ही टग वाऱ्याच्या बाजूला घेतल्या, जहाज मधोमध मोकळ्या पाण्यात नेऊन तोंड वाऱ्यात धरलं, आणि पाऊस सुरू झाला. नाळ दिसेनाशी झाली. चाळीस मिनिटं आम्ही तसेच उभे, कप्तान माझ्याकडे बघतोय, मी वाऱ्याच्या काट्याकडे. धक्क्यावर मजूर आणि क्रेन ताटकळत असल्याने जहाजाच्या एजंटचा फोनवर आरडाओरडा चालू. नंतर वारा पडला आणि पंधरा मिनिटांत गंगेत घोडं न्हालं. त्या दिवशी जहाज मी लावलं असं कागदावर आहे.

हवामानाच्या बाबतीत पावसाळ्याआधीचा हा वळीव मला ऐन पावसाळ्यापेक्षा जास्त भीती घालायचा. पाऊस निदान तोंडावर सांगून येतो.

बाकी धक्क्याजवळचं काम संथ. शेवटचे पन्नास मीटर जहाज धक्क्याला समांतर ठेवायचं आणि टगने हळूहळू आडवं सरकवायचं. एक लाख टनांचं जहाज सेकंदाला दहा सेंटीमीटरने टेकलं तर धक्क्यावर जेवढी ऊर्जा येते तेवढी दहा टनांचा ट्रक ताशी ३६ किलोमीटरने भिंतीवर आदळल्यावर येते. वीस सेंटीमीटरने टेकलं तर तोच ट्रक ताशी ७२ ने. दहा सेंटीमीटर म्हणजे तुझी वीत अर्धी. म्हणून रबराचे फेंडर, आणि म्हणून टग शेवटच्या क्षणी ढकलणं सोडून उलट ओढायला लागते. ओढताना एक अडचण असते: टगच्या पंख्याचं पाणी जहाजाच्या कुशीवरच आदळतं आणि तिचीच मेहनत फुकट जाते, त्यामुळे दोर जरा लांब द्यावा लागतो. कंटेनर जहाजाला टगने कुठेही ढकलून चालत नाही. नाळ आणि शेपूट वर पसरट, खाली निमुळती. टगचा माथा वरच्या पत्र्याला लागतो. सपाट, मजबूत जागी कुशीवर बाण काढून 'टग' असं लिहिलेलं असतं, तिथेच नाक लावायचं.

दोरांबद्दल थोडक्यात. जहाजावरून बारीक दोरी फेकतात, टोकाला जड गाठ. धक्क्यावरचे लोक ती ओढून जाड दोर खांबाला चढवतात. आधी स्प्रिंग, म्हणजे जहाज पुढे-मागे सरकू नये म्हणून तिरके दोर, मग पुढचे-मागचे. सगळे ताणून होईपर्यंत टगला सोडत नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नये, तुटला तर माणूस कापतो. कोणी बंदरात फिरायला नेलं तर एवढं लक्षात ठेव.

टग किती वेळ सोबत ठेवायची यावर आमच्यात कायम वाद. टगला तासाचे पैसे पडतात, त्यामुळे लवकर सोडा म्हणणारे कायम असतात. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरला 'डाली' हे तीनशे मीटरचं कंटेनर जहाज बंदरातून निघालं. दोन पायलट ब्रिजवर होते. धक्का सोडल्यावर टग सोडून दिल्या होत्या. पुलापाशी जहाजाची वीज गेली, इंजीन गेलं, सुकाणू गेलं. पायलटांनी टग परत बोलावली, नांगर टाकायला सांगितलं, पूल बंद करण्याचा निरोप दिला. जहाज खांबावर आदळलं, पूल कोसळला, पुलावर काम करणारे सहा जण गेले. तिथल्या पायलटांनी जे करायचं ते केलं असं माझं मत. पण वीज गेलेल्या जहाजाला त्या क्षणी वाचवू शकली असती ती बांधलेली टगच.

आपल्याकडे बघायचं तर तू ज्या जेटीवर बसला होतास तिथून जवळच, राजभवनाखालच्या खडकांवर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नू शी नलिनी' येऊन अडकलं होतं. नाफ्ता भरलेलं, माणूस एकही नाही, इंजीन नाही. खवळलेल्या समुद्राने नांगरावरून सुटलं आणि वाहत आलं. त्याआधी २००० च्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' कांदोळीला वाळूत रुतलं आणि ते काढायला बारा वर्षं लागली. जहाज एकदा आपल्या मर्जीने चालेनासं झालं की समुद्राच्या मर्जीने चालायला लागतं, आणि समुद्राची मर्जी गोव्यात बहुतेक वेळा किनाऱ्याकडे असते.

शेवटी तुझ्या शिक्षणाचं. पायलट थेट होता येत नाही. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन नॉटिकल सायन्सची पदवी किंवा एक वर्षाची पदविका, मग कॅडेट म्हणून जहाजावर. पुढे सेकंड मेट, चीफ मेट, मास्टर, प्रत्येक टप्प्यावर समुद्रावरचे महिने आणि परीक्षा. मास्टरचं प्रमाणपत्र हातात यायला दहाएक वर्षं सहज जातात. त्यानंतर एखाद्या बंदरात शिकाऊ पायलट. जुन्या पायलटच्या मागे उभं राहून बरीच जहाजं बघायची, मग लहान जहाजांपासून एकेक पायरी वर. टगचा मास्टर व्हायचं तर वाट वेगळी, डेकवरून खलाशी म्हणून सुरू होणारी, किनारी वाहतुकीच्या परीक्षांची. वेंगुर्ल्याचा तो माणूस याच वाटेने आला होता.

चष्मा लागला असेल तर आत्ताच डोळे तपासून घे. चष्म्याबाबत नियम काय ते आधी विचारून घे. रंग ओळखण्यात दोष निघाला तर डेकवरचा रस्ता तिथेच बंद होतो, आणि बऱ्याच मुलांना ते फी भरल्यावर कळतं.